हेमाआत्याच्या पानातली कोळंबी

हेमाआत्या गेली हे मला आईच्या फोनवरून कळलं आणि ती कशाने गेली हे नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. मी लोअर परळला ऑफिसात होते. आई फक्त "लालबागला ये" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. टॅक्सीत बसल्यावर मोठ्या काकांनी ग्रुपवर टाकलेला मजकूर दिसला. माझी धाकटी बहीण कु. हेमलता हिचे आज सकाळी अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले… खाली जोडलेल्या हातांची रांग. मी 'अल्पशा' हा शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिले. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, मराठी लिहिताना मी अजून अडखळते, पण या शब्दाचा अर्थ मला नीट माहीत आहे. आत्याचा आजार अल्पसा नव्हता. मी शाळेत होते तेव्हापासून तो सगळ्यांच्या समोर होता आणि घरातल्या जवळजवळ प्रत्येकाने त्याला आपापलं नाव दिलं होतं. नखरे. मनाचे खेळ. लग्न न झाल्याचा परिणाम. एक नाव डॉक्टरांनी दिलं होतं, ते कोणी वापरलं नाही.

याला आता काही आठवडे झाले. रडू ओसरलं, राग ओसरत नाही. मी चारचौघांत बोलणारी मुलगी नाही, ते माझ्याच्याने होत नाही. लिहिणं त्यातल्या त्यात जमतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, फोर्टातल्या एका ऑफिसात नोकरी केली आणि राहिली लालबागलाच, मोठे काका आणि मोठी काकू यांच्याबरोबर. आधी चाळीतल्या दोन खोल्यांत आणि चाळ पाडून इमारत झाल्यावर तिथल्याच फ्लॅटमध्ये, तिच्या वाट्याला आलेल्या मागच्या खोलीत. आम्ही दादरला. शाळेच्या सुट्टीत मला लालबागला सोडलं जायचं, आणि मी दिवसभर गप्प बसलेली असले तरी "काय गो, तोंडात मूग भरलेत काय?" असं मला न विचारणारी त्या घरात ती एकटीच होती. ती माझ्याशेजारी बसून शांतपणे कोळंबी सोलायची. कोळंबी तिचा जीव की प्राण. रविवारी सकाळी बाजारातून स्वतः निवडून आणायची, पाठीतला काळा धागा एका झटक्यात ओढून काढायची आणि सुकं करताना कढईवर वाकून वास घ्यायची. "नाकाने आधी जेवायचं, मग तोंडाने," म्हणायची. मग एका रविवारी जेवता जेवता तिचे ओठ खाजायला लागले. तिखटाने असेल म्हणून ती पाणी प्यायली. पुढच्या रविवारी ओठ सुजले. त्याच्या पुढच्या रविवारी घसा आवळल्यासारखा झाला आणि ती ताट सोडून उठली. चाळिशीपर्यंत ज्याने काही झालं नाही ते चाळिशीनंतर बाधू शकतं, हे तिला परळच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी येऊन तिने इतरांना सांगितलं, तेव्हा मोठी काकू हसली.

"सुंगटां खाऊन कोण मरता काय गो? आमच्या देवगडात तरी मी ऐकूक नाय."

सुंगटां म्हणजे कोळंबीच. आमच्या घरी कोळंबी न चालणं ही आजाराची गोष्ट नव्हती, घराण्याला कमीपणा आणणारी होती. पावसाळ्यात ताजी मासळी नसते तेव्हा डब्यातले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, वांग्यात, वालात, कशातही घालणारं घर ते. तिथे एका बाईने अचानक म्हणायचं की मला चालत नाही! त्यात धूळ आणि झुरळंही तिला बाधतात, कबुतरांच्या विष्ठेने तिचा दमा वाढतो, हेही तपासण्यांत निघालं. त्यातली हातावरची तपासणी करून आली तो दिवस मला आठवतो. कोपरापासून मनगटापर्यंत पेनने आखलेले चौकोन, प्रत्येकात टोचल्याची खूण, काही चौकोन सपाट आणि काही गांधील माशी चावल्यासारखे फुगलेले. तो हात तिने जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला.

"हे बघा. आता तरी."

मोठ्या काकांनी चष्मा लावून पाहिलं. "टोचल्यावर सुजणारच ना?" ते म्हणाले. "हा सगळा डॉक्टरांचा धंदा आहे, हेमा. आपण गिरणीवाल्यांची पोरं. बापाने आयुष्यभर नाकातोंडात कापूस घेतला, कधी तक्रार केली का?"

"तक्रार करायला श्वास कुठे होता त्यांना?" आत्या म्हणाली.

आजोबांना मी पाहिलेलं नाही. पण ते खोकून खोकून गेले आणि त्या खोकल्याला घरी 'अण्णांची सवय' म्हणत, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे माणूस गुदमरत असला तरी त्याला स्वभाव म्हणायची पद्धत आहे.

त्यानंतरच्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी लालबागला होते. दुपारी भरली वांगी होती. आत्याने चवीने खाल्ली, "वहिनी, आज मसाला फक्कड झालाय" असंही म्हणाली. थोड्या वेळाने मान खाजवायला लागली. मग पापण्या सुजल्या, डोळे मिटत आले, आणि ती काहीतरी सांगायला लागली तर आवाजच बाहेर येईना. काका आणि शेजारचे दोघे तिला टॅक्सीत घालून परळला घेऊन गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ओट्याशी काकू होती, एकटीच. मला पाहून म्हणाली, "मी जरासेच सोडे कुटून घातलंय मसाल्यात. म्हटलां, बघूया. तिका कळला नाय तर काय होणार? मनाचा आसता तर झाला नसता…"

एवढं झाल्यावर तरी प्रश्न मिटला असेल असं कुणालाही वाटेल. मिटला नाही. काकू पंधरवडाभर ओशाळलेली होती, आत्याच्या पाया पडली, देवाला नारळही ठेवला. आणि मग ती घरातली एक गंमत झाली. लग्नाकार्यात, गणपतीत, पाहुणे जमले की कुणीतरी म्हणायचं, "अरे, ती वांग्याची गोष्ट सांगा ना!" आणि काका गाल फुगवून, डोळे बारीक करून दाखवायचे. "असा भोपळा झाला होता हेमाचा! वांगं खाल्लं आणि भोपळा झाली!" सगळे हसायचे. आत्याही हसायची. लहानपणी मला वाटायचं, तिला खरंच हसू येतं. पुढे कळलं की ती हसली नसती तर नखरेलच्या जोडीला चिडकीही ठरली असती. श्वास कोंडलेल्या माणसाची नक्कल करून दाखवणारे लोक चांगले असतात, प्रेमळ असतात, अडीअडचणीला धावून येतात. माझे काका तसेच आहेत. याचाच मला जास्त राग येतो. वाईट माणसांवर रागावणं किती सोपं झालं असतं.

माझ्या इंग्रजीचा तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कुणी करून घेतला नाही. दादरच्या दुकानांत ती पाकिटं उचलायची आणि माझ्या हातात द्यायची. "वाच गो. एवढी फी भरलीय तुझ्या बापाने." मी पाठीमागची बारीक अक्षरं वाचायचे. मसाले, चटण्या, वेफर्स, सूपची पाकिटं. तिला इंग्रजी येत होतं, ऑफिसात तिने जन्मभर इंग्रजी टायपिंग केलं, पण तिच्या चष्म्याला ती अक्षरं दिसत नसत आणि तो बदलायचा तिला कंटाळा. एकदा एका पाकिटावर 'क्रस्टेशियन' होतं.

"म्हणजे कोण?"

"कवचवाले. कोळंबी, खेकडे वगैरे."

"मग तसं लिहायला काय होतं मेल्यांना? माणूस मरायचा आणि वर शब्दकोश शोधायचा!"

दुकानदार हसला. मीही हसले. ती मात्र पाकीट परत ठेवताना फडताळाकडे बघत हळूच म्हणाली, "निदान लिहितात तरी. घरचे डबे कोण वाचून दाखवणार…"

जेवणाचं तिने असं सांभाळून घेतलं. स्वतःची कढई वेगळी केली, सोड्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवायला लावला, कोळंबी शिजायची तेव्हा वाफही नको म्हणून खाली जाऊन बसायची. लग्नात पंगतीला बसायची ती घरून पोळीभाजी खाऊन. हवेचं काय करणार? हवा काही वेगळ्या कढईत काढून घेता येत नाही. समोरच्या इमारतीतल्या, चौथ्या मजल्यावरच्या बाई रोज सकाळी कबुतरांना दाणे टाकायच्या. ती कबुतरं आत्याच्या खिडकीखालच्या छज्ज्यावर बसायची, एसीच्या मागे अंडी घालायची, आणि छज्जा बाराही महिने विष्ठेने पांढरा. आत्या त्यांच्या घरी गेली होती. हात जोडून म्हणाली, "दाणे टाकू नका म्हणत नाही, इथे टाकू नका." बाई म्हणाल्या, "मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढता? पाप लागेल." आत्याने विचारलं, "आणि मी बोलते म्हणून माझा जीव जीव नाही का?" त्यावरून ती इमारतीत भांडखोर ठरली. घरात मंगळवार-शुक्रवार काकांचा धूप असायचा. दार लावून घेतलं तरी धूर फटीतून आत जायचा. "देवाच्या धुराने कुणाला काही होत नाही," हे काकांचं शास्त्र.

मग गेल्या वर्षी शेजारची जुनी इमारत पाडायला घेतली. पाडकामाभोवती हिरवं जाळं लावलं होतं, पण ते शोभेचं, ठिकठिकाणी फाटलेलं. सकाळी कपडे वाळत घालावेत आणि संध्याकाळी झटकून पुन्हा धुवावेत अशी धूळ. सोसायटीच्या मीटिंगला आत्या मास्क लावून गेली, मला बरोबर नेलं. ती उभी राहिली आणि म्हणाली की जाळं नीट लावायला सांगा आणि मलब्यावर पाणी मारायला सांगा, एवढं पत्र सोसायटीने बिल्डरला द्यावं. दोन वाक्यं बोलून तिला धाप लागली.

सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हेमाताई, बाजूला टॉवर झाला की आपल्याही जागेला किंमत येणार. थोडी कळ सोसायला नको का?"

मागून कुणीतरी बोललं, "एवढा त्रास होतोय तर कोकणात जाऊन राहा की. हवा एकदम फस्क्लास!"

हशा झाला. आत्या वळली. "मी जन्मले लालबागला. हवा आवडते तर तुम्ही जा. मी एसटीत बसवून देते."

पुन्हा हशा झाला, या वेळी तिच्या बाजूने. पण पत्र गेलं नाही. विषय पार्किंगवर आला आणि तिथेच राहिला. परत येताना जिन्यात ती दोनदा थांबली. कठड्याला धरून म्हणाली, "मी काय मागते गं? कुणी बरं करा म्हणत नाही. मला चालत नाही म्हटलं की नाही चालत, एवढं एकदा ऐकून घ्या… पुरावा न मागता."

तिला एवढंच हवं होतं. औषधं ती स्वतः आणत होती, पंप पर्समध्ये असायचा, वाफ घ्यायचं मशीन उशाशी. तिला फक्त घरात आणि इमारतीत कुणीतरी तिच्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा होता. तो शेवटच्या सकाळीही मिळाला नाही. त्या दिवशी हवा इतकी मळकट होती की तिच्या खिडकीतून गिरणीची उरलेली चिमणीसुद्धा दिसत नव्हती. पाडकाम पहाटेच सुरू झालं होतं. तिला धाप लागली, तिने मशीन लावलं, उतार पडेना. तिने काकांना हाक मारली, काका पूजेत होते. काकूने ओवा घातलेलं गरम पाणी दिलं आणि म्हणाली, "जरा बस, उतरात. तुका नेहमीचाच ह्या." आत्याने हाताने खूण केली, हॉस्पिटल. त्यांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. शेवटी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, तर गल्लीच्या तोंडाशी मलबा भरायला डंपर आडवा उभा. हे सगळं मला काकूनेच सांगितलं, रडत रडत, तुकड्यातुकड्याने. त्यात "आमका काय म्हायत" हे वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. माहीत नव्हतं? तिने हात टेबलावर ठेवून दाखवला होता. मसाल्यातून तिला खायला घालून तुम्ही स्वतः खात्री करून घेतली होती. आणखी कसं माहीत व्हायला हवं होतं?

हे मी तेव्हा बोलले नाही. आमच्यात तेराव्याचं गोड जेवण झालं की दुसऱ्या दिवशी तिखटाचं करतात. सुतक फिटलं, घरात मासळी पुन्हा आली, हे सांगणारं ते जेवण. गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधायचं आणि पहिलं पान गच्चीवर कावळ्यासाठी ठेवायचं. मी वर गेले तेव्हा पान मांडून झालं होतं. भात, वडे, तळलेली सुरमई… आणि मधोमध, लालभडक, खोबरं पेरलेलं कोळंबीचं सुकं.

मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं पान असेल.

काकू पदराने डोळे पुसत म्हणाली, "जितेपणी खाऊक गावली नाय गो तिका. किती आवडायची! आता तरी पोटभर खाऊ दे. आता खयचो दमो आणि खयचा काय…"

तिने सकाळी स्वतः बाजारात जाऊन आणली होती, एकेक निवडून. त्यात खोट नव्हती, हे मला दिसत होतं. आम्ही सगळे कठड्याशी उभे राहिलो. कावळा येईना. आली ती कबुतरं. समोरच्या इमारतीवरून थव्याने उतरली आणि पानाभोवती फिरायला लागली, भातात पाय देऊन शितं टिपू लागली, आणि त्यांच्या पंखांनी गच्चीवरची बारीक धूळ आमच्या अंगावर येऊ लागली. काका टॉवेल हलवून त्यांना उडवत होते, ती पुन्हा येत होती. दूर टाकीवर एक कावळा बसला होता. तो नुसता बघत होता.

"काहीतरी इच्छा राहिली असेल," कुणीतरी म्हणालं. मग प्रत्येकजण पुढे होऊन हात जोडून शब्द द्यायला लागला. काका म्हणाले, "हेमा, तुझी खोली आम्ही दुसऱ्या कुणाला देणार नाही." आतेभाऊ म्हणाला, "मावशी, दरवर्षी तुझ्या नावाने अन्नदान करू." काकूने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्या लग्नाची काळजी आसात तुका. लावून दितो हां हिचा लग्न, ये आता!" दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मी तिथेच उभी होते.

मी म्हणाले, "पानातली कोळंबी काढा."

कुणाला ऐकू गेलं नाही. माझा आवाज तसाच आहे. मग मी ओरडले. मी आयुष्यात त्या माणसांसमोर ओरडले नव्हते, त्यामुळे शब्द नीट आलेच नाहीत. "तिला चालत नाही! चालत नाही म्हणून सांगून सांगून मेली ती! मेल्यावरही तेच वाढताय?"

"अगो, पण आवडायची तिका…"

"आवडायची. चालत नव्हती."

मी कबुतरांमध्ये गेले, खाली बसले आणि कोळंबी हाताने वेचून पानाबाहेर काढली. मसाला भाताला लागला होता, म्हणून तो भातही काढला. बोटं लाल झाली. बाबा हळूच माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझ्यापुढे पिशवी उघडून धरली. मी पिशवी घेऊन खाली आले. नंतर कावळा आला म्हणे. कोळंबी काढली म्हणून आला, असं दोन मावश्या आता सगळ्यांना सांगतात. मी तसं म्हणणार नाही. आत्या खरं बोलत होती हे ठरवायला आम्हाला कावळा लागावा, याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट नाही.

सोसायटीने शोकसभा घेतली. दोन मिनिटं उभं राहायचं होतं. बाजूला यंत्र चालू होतं आणि त्या शांततेत जवळजवळ प्रत्येकजण खोकत होता. सेक्रेटरींनी खोकतच समारोप केला. जाळं अजून फाटकंच आहे.

गेल्या रविवारी मी लालबागला गेले, तिची खोली आवरायला. खिडकीच्या चारही कडांना तिने तपकिरी चिकटपट्टी लावलेली आहे, बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून. एका पट्टीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. जिथे जुनी सुटली तिथे नवी लावलेली, कोपऱ्यात नखाने दाबून बसवलेली. खोलीत अंधूक उजेड होता. शेल्फवरून बोट फिरवलं तर बोटाला काही लागलं नाही. त्या अख्ख्या इमारतीत अशी एकच जागा असेल. मी पलंगावर बसले. मोठे काका दारात आले. हातात जुनी सुरी.

"ती पट्टी काढून टाकतो," ते म्हणाले. "खोली कोंदलीय. जरा हवा येऊ दे आत."

"नको," मी म्हणाले.

"का गं?"

आत्या असती तर तिने समजावून सांगितलं असतं. धूळ, कबुतरं, छाती, डॉक्टर काय म्हणाले ते, सगळं पहिल्यापासून, पुन्हा एकदा. काका दारात थांबले होते, सुरी हातात धरून, उत्तराची वाट बघत.

मी कारण दिलं नाही.